जांभळ्या टोपीच्या नळ्या

दिव्यात अजून अर्धं तेल होतं तेव्हा टेबलावर उपडा ठेवलेला फोन थरथरला आणि थरथरत काठाकडे सरकू लागला. तो पडू नये म्हणून तिने नुसता हात लावला. पण हात लागला की डोळा जातोच. डुक्करपालन केंद्रावरच्या पशुवैद्याचा निरोप होता. ‘मॅडम, सगळ्या माद्या कोऱ्या. एकीतही काही नाही. तुमची लेक झोपलीय की माझ्या डुकरिणींना फुप्फुसंच नाहीत?’ खाली फोटो. प्लेटमधले छोटे छोटे खळगे ओळीने मांडलेले; पहिल्या ओळीत, जिथे तिने स्वतः दिलेलं शुद्ध प्रथिन होतं, तिथे पिवळाधम्मक रंग, आणि पुढे रक्ताच्या सगळ्या खळग्यांत पाणी भरावं तसं नितळ. तिने फोन पुन्हा उपडा केला. पहिली ओळ पिवळी आहे म्हणजे चाचणीचा संच चांगला आहे. संच चांगला आहे म्हणजे यानेच काहीतरी घोळ घातलाय. काय घातलाय ते विचारायला तोंड हवं होतं, आणि दिवा शांत होईपर्यंत तोंड तिचं नव्हतं. लिहून विचारणंही नव्हतं, कारण लिहिलेलं बोलणंच असतं असं तिने पूर्वी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मान हलवण्यापुरती सूट होती, तीही आईसाठी.

आई समोरच्या खुर्चीत बसून पायाला तेल चोळत होती. आईचं बोलणं याच वेळेला फुलायचं. दिवसभर ती गप्प असे, पण मुलीचं मौन सुरू झालं की तिला सगळं आठवे: नळ गळतोय, शेजारणीने भांडं परत केलं नाही, डाव्या गुडघ्यात काल नुसती कळ होती, आज कळेला पाय फुटलेत. “बोलू नकोस, पण ऐक तरी,” आई म्हणाली. “तोंड असं का केलंस? वाईट बातमी आहे? मान हलव. नाही? मग देवासमोर बसून कपाळाला आठ्या कशाला? व्रत तू पाळतेस की व्रत तुला पाळतंय, तोच जाणे.” तिने डोळे मिटले. वडिलांना श्वास घेता येईना त्या दिवसांत हे मौन सुरू झालं होतं. दवाखान्याच्या लांब बाकावर बसून तिने मनात देवाला म्हटलं होतं, यांचा श्वास राहू दे, माझा सकाळचा आवाज तुला दिला. श्वास राहिला नाही. आई म्हणाली होती, संपलं ना आता, सोड. तिला ते पटलं नव्हतं. त्याने घेतलं नाही म्हणून आपण दिलेलं परत मागायचं नसतं. तेव्हापासून रोज दिवा लावायचा, आणि तो आपसूक शांत होईपर्यंत गप्प राहायचं. या गप्प राहण्याने मन शांत होतं असं लोकांना वाटे. खरं तर बाहेर न पडलेला शब्द आत येरझारा घालतो. आज तर नुसता थयथयाट होता. सगळं नीट सांगून दिलं होतं त्या पशुवैद्याला, दोनदा सांगितलं होतं, हसत हसत ‘हो मॅडम, हो मॅडम’ करत होता, आणि तेव्हाच आपल्याला कळायला हवं होतं की हा पालथा घडा आहे. आपण हळू बोलतो म्हणून माणसं अर्धंच ऐकतात. प्रयोगशाळेतले सर तर म्हणायचेच, तुझं ऐकायचं म्हणजे माणसाला कमरेत वाकावं लागतं.

प्रयोगशाळेच्या रस्त्यावर फरशा उखडल्या होत्या आणि कामगार त्या पुन्हा तशाच बसवत होते. बसच्या खिडकीतून ते पाहताना ती त्या प्रथिनाचा विचार करत होती, म्हणजे रोज करायची तसाच. फुप्फुसाच्या अगदी आत, जिथे हवा आणि रक्त यांच्यामध्ये एक पातळ ओला पडदा उरतो, तिथे ते राहतं. बाहेरून जंतू आला की त्याच्या अंगावरची साखर धरायची आणि त्याला तिथेच जखडून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. डुकरांत त्यातलं थोडं रक्तात झिरपतं, म्हणून रक्ताच्या थेंबावरून फुप्फुसाचा बळकटपणा सांगता यावा, ही सरांची कल्पना. पण थेंबातून नेमकं तेच प्रथिन शोधायचं तर त्याला ओळखणारं काहीतरी हवं, आणि ते म्हणजे तिची अँटीबॉडी. उंदराच्या पेशी, शेकडो खळगे, त्यांतल्या एकाच खळग्यात उतरलेला गडद रंग. त्या दिवशी ती दारामागे जाऊन रडली होती, आनंदाने. सरांनी त्या अँटीबॉडीचं नाव ‘लेक’ ठेवलं. तुझी लेक कशी आहे, तुझी लेक आज रुसली का, असं चालायचं. स्वतःचं लग्न झालं नाही त्या बाईच्या लेकीवर सगळी प्रयोगशाळा प्रेमाने हसायची, आणि तीही हसायची, कारण हसण्यात काही खोटं नव्हतं. पेशी जगवायला ती सुटीच्या दिवशीही येत असे. आता सर म्हणत होते, लेक उजवायची वेळ झाली. एका कंपनीला ती द्यायची होती. त्याआधी पशुवैद्याच्या केंद्रावर एक खरी चाचणी. केंद्राच्या मालकाला निम्म्या माद्या काढून टाकायच्या होत्या. ज्यांच्या रक्तात प्रथिन भरपूर त्या पैदाशीला ठेवायच्या, उरलेल्या गाडीत घालून खाटीकखान्यात पाठवायच्या. कोणत्या, ते तिची लेक सांगणार होती.

कोट अडकवायच्या आधी तिने पशुवैद्याला फोन लावला. “रक्त कधी काढलंत?” “काल पहाटे. अगदी तुम्ही सांगितलं तसं.” मागे डुकरं कोकलत होती. “लगेच थंड केलं?” “केलं.” “नळ्या कोणत्या होत्या?” “नळ्या हो, नेहमीच्याच. जांभळ्या टोपीच्या.” “मी लाल सांगितल्या होत्या.” “लाल संपल्या होत्या मॅडम. टोपीच्या रंगाने काय फरक पडतो? रक्त तर लालच आहे.” तो स्वतःच्या विनोदावर हसला. तिला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी हलकंही वाटलं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून एक द्रव्य असतं, ते रक्तातलं कॅल्शियम शोषून घेतं. तेवढ्यानेच बिघडलं. देवाचीच कृपा. लेकीचं काही चुकलं नव्हतं. “पुन्हा काढा, लाल टोपीत,” ती म्हणाली. “आज रक्त तुमच्याकडे आणायची गाडी दुसरीकडे गेलीय, उद्या सकाळी काढतो,” तो म्हणाला, “पण मॅडम, एकेकीला धरायला तिघं लागतात. शिव्या त्यांना द्यायच्या की तुम्हाला?” “मला द्या,” ती म्हणाली, आणि फोन ठेवून कोटात हात घालता घालता थांबली. एक हात बाहीत, एक बाहेर.

कॅल्शियम नसलं म्हणून माझ्या लेकीचं काय अडतं?

हा प्रश्न तिने विचारला नव्हता. तो कोणीतरी शेजारी उभं राहून विचारल्यासारखा आला. अँटीबॉडीला कॅल्शियम लागत नाही. कॅल्शियम लागतं त्या प्रथिनाला, साखर पकडण्यासाठी. त्याची पकड कॅल्शियमवर चालते, हे तर या कामातली पहिल्या दिवशी शिकायची गोष्ट. मग पकड गेल्यावर रंग का जावा? तिने दुसरी बाही चढवली. सकाळी पंखा लावला की छतावरची सावली फिरते तसं काहीतरी डोक्यात फिरू लागलं. एकेक जुनी गोष्ट पुढे येई आणि तोंड वळवून दाखवी. प्रथिन उकळलं की लेक त्याला ओळखायची नाही. तेव्हा सर म्हणाले होते, ती आकार ओळखते, उकळल्यावर आकार राहत नाही, खानदानी आहे तुझी लेक. सगळे हसले होते. धुण्याच्या पाण्यात कॅल्शियम घालायला एकदा विसरली तेव्हा रंग फिका आला होता, आणि तिने स्वतःलाच बोल लावला होता की आज जपात लक्ष नव्हतं म्हणून हात चुकला. आणि तुलनेसाठी वापरायची ती दुसरी अँटीबॉडी, जिने कधीच रंग दिला नाही, जिच्या जोरावर सगळे म्हणायचे की बघा, लेकीशिवाय कुणाला जमत नाही, ती जिवाणूंत बनवलेली होती. फ्रीजमध्ये होती म्हणून घेतली होती. जिवाणूंत बनलेल्या अँटीबॉडीवर साखर नसते. उंदराच्या पेशींत बनते तिच्या अंगावर साखर असते. थोडीशी, देठाजवळ. तिच्या लेकीच्या अंगावर ती कदाचित जरा जास्तच असेल.

हे कुणाला सांगायच्या आधी करून बघायला फार वेळ लागणार नव्हता, आणि हेच असह्य होतं. इतकी वर्षं ज्यावर उभी होती ते एका सकाळीत तपासता येत होतं, आणि तिने एवढ्या सकाळी नुसत्या गप्प बसून घालवल्या होत्या. तिने प्लेट घेतली. काही खळग्यांत नेहमीसारखं, आणि काहींत नेहमीसारखंच पण वर साखरेचं पाणी. प्रथिनाला साखर इतकी आवडते तर ही घे, पोटभर घे. मग शेजारच्या टेबलावरून, टोमॅटोच्या पानांवरचा रोग शोधणाऱ्यांकडून, तिने त्यांच्या अँटीबॉडीचा एक थेंब मागून घेतला. तीही उंदराच्या पेशींतली, पण टोमॅटोच्या विषाणूसाठी बनलेली; डुकराच्या फुप्फुसाशी तिचं सात जन्मांचं नातं नव्हतं. “टोमॅटोची डुकराशी सोयरीक?” तिथली मुलगी म्हणाली. “पत्रिका जुळतेय का बघते,” ती म्हणाली. आपल्या आवाजात एवढी सहजता कुठून आली याचं तिला नवल वाटलं. मग वाट पाहणं. ती खिडकीशी उभी राहून देवाचं नाव घेत राहिली. पण नाव घेताना काय मागावं तेच सुचेना. खरं ते दिसू दे, असं म्हणायला जीभ तयार होती, मन नव्हतं. मन म्हणत होतं, दिसू नये. शेवटी ती नुसतंच नाव घेत राहिली, मागणं न जोडता, आणि त्या रिकाम्या नावाचा तिला राग येत राहिला.

साखर घातलेले खळगे नितळ होते. टोमॅटोच्या अँटीबॉडीचे खळगे पिवळे होते. फिके, आजारी माणसाच्या नखांसारखे, पण पिवळे. तिने प्लेट उजेडात धरली, मग सावलीत धरली, मग पुन्हा उजेडात. लेकीने प्रथिनाला कधी ओळखलंच नव्हतं. ते प्रथिनच लेकीच्या अंगावरची साखर धरून बसत होतं, जसं ते कुणालाही धरतं, जंतूला, धुळीला, टोमॅटोवाल्यांच्या परक्या पोरीला. ज्याचा धंदाच पकडण्याचा आहे त्याला आपण पकडलं असं ती समजत होती. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो एक क्षुद्र, कोरडा वैताग. बसायला जावं आणि खुर्ची हातभर मागे असावी, तसा.

सरांनी प्लेट पाहिली. चष्मा काढून पाहिली, लावून पाहिली. मग दार लोटून घेतलं. “बस,” ते म्हणाले. “निकाल येतो की नाही?” “येतो सर, पण ती ओळखत नाही. प्रथिन तिला धरतं.” “कोण कुणाला धरतं याच्याशी डुकराला काय घेणं? खळग्यात रंग येतो. जास्त प्रथिन, जास्त रंग. संचावर छापू, फक्त लाल टोपी. जगात कितीतरी चाचण्यांना अशा अटी असतात.” “यकृतातलं एक प्रथिन असंच साखर धरतं सर. तेही रक्तात असतं. साध्या तापात वाढूही शकतं. मग ताप आलेली मादी बळकट दिसेल, आणि चांगली असेल ती गाडीत जाईल.” “जरा मोठ्याने बोल.” तिने तेच पुन्हा सांगितलं. मोठ्याने सांगताना ते कमी खरं वाटलं. “तू बघितलंस असं होताना?” सरांनी विचारलं. “नाही.” “मग न बघितलेलं भूत अंगणात नाचवू नकोस.” ते वाईट माणूस नव्हते. वडील गेले तेव्हा त्यांनीच तिला सांगितलं होतं, पेशी मी बघतो, तू ये सावकाश, आणि खरोखर बघितल्या होत्या. “हे बघ,” ते आता हळू आवाजात म्हणाले, तिच्याइतक्याच हळू, “मी या वर्षी निवृत्त होऊन निघालो. तुझी नोकरी या लेकीवर टिकून आहे, तुलाही माहीत आहे. उद्या लाल टोपीचं रक्त येऊ दे. चाचणी चांगली आली तर मग निवांत बसून बोलू, काय ते. तोवर ही प्लेट तू आणि मी. रात्रभर विचार कर. तू देवाधर्माची आहेस, तुला घाई शोभत नाही.” तिने मान हलवली. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आईसाठी राखून ठेवलेली ती सूट आज दुसऱ्याच कुणासाठी वापरली गेली.

घरी आईला खुर्चीतून उठवताना तिने हात पुढे केला. आईने हात धरला नाही, नेहमीसारखं मनगट धरलं. “हात धर ना आई, मनगट दुखतं.” “हात सुटतो,” आई म्हणाली. हे ती लहानपणापासून ऐकत होती. रस्ता ओलांडताना ती आईचं बोट धरायला जायची, आणि आई बोट सोडवून घेऊन तिचं मनगट पकडायची. बोट तू धरलंस तर तू सोडशील, मनगट मी धरलंय. शाळेत ती मैत्रिणींना ऐटीत सांगायची की मी आईला रस्ता ओलांडून देते. आता आईला धरून उभं करताना तिला वाटलं, हेही तसंच आहे का? मी आईला सांभाळते, आईसाठी राहिले, आईसाठी अमुक केलं नाही, हे सगळं सांगत आले ते, आणि वस्तुस्थिती एवढीच की एका म्हातारीने मनगट सोडलेलं नाही. आणि ते सुटलं तर आपण रस्त्याच्या मधोमध. हा विचार तिला आवडला नाही. आजच्या दिवसाने सगळ्याच गोष्टी उलट्या करून दाखवायचा चंग बांधला होता. “काय झालंय?” आईने विचारलं. “काही नाही. काम.” “बोलायची वेळ आहे तेव्हा काही नाही, आणि सकाळी आठ्या.” जेवताना आई पुन्हा म्हणाली, “तुझ्या बापाचंही असंच. घुसमटेल, पण सांगणार नाही.” ती ताटावरून उठली. भांडी घासताना फार आवाज झाला, तो तिनेच केला होता.

नेमक्या कुणावर रागवावं तेही ठरेना. पशुवैद्यावर रागवावं तर त्याच्या आळसानेच खरं बाहेर आलं होतं. सरांवर रागवावं तर ते जे म्हणाले ते तिने स्वतः मनात आधी म्हणून पाहिलं होतं. लाल टोपी ही सबब खोटी नव्हती, हीच तर चीड होती. खोटं असतं तर ते तिच्या जिभेवर चढलंच नसतं, इतकी खात्री तिला स्वतःची होती. ही सबब पूर्ण खरी होती आणि तिच्यामागे आयुष्यभर लपता आलं असतं. अंथरुणावर पडून ती देवाशी भांडली. भांडण म्हणजे काय, आवाज न करता एकच वाक्य: मी तुझ्यापुढे गप्प बसले ते ऐकू यावं म्हणून, आणि तू ऐकवलंस ते हे. सकाळी मौन सुटलं की काय करायचं ते बघू, एवढं ठरवून ती झोपली. म्हणजे काहीच न ठरवता.

सकाळी दिवा लावला. तेल रोजच्याइतकंच. वात जरा जाड झाली होती, ज्योत मोठी लागली. तिने ओठ मिटले, आणि जप सुरूही झाला नव्हता तोच फोन वाजू लागला. निरोप नव्हे, सरळ फोन. वाजून थांबला, पुन्हा वाजला. आईने खुर्चीतून वाकून तो ओढून घेतला आणि कुठलंतरी बटण दाबलं, तसा घरभर डुकरांचा गलका झाला.

“ती आता बोलत नाही,” आई फोनला म्हणाली. “मी तिची आई. काय ते मला सांगा.”

“आजी, मी डुकरांचा डॉक्टर. तुमच्या लेकीकडे जरा काम आहे.”

“ती ऐकतेय. बोला.”

“मॅडम, सर म्हणाले लाल टोपीत रक्त घ्या, निकाल तुम्ही दुपारपर्यंत द्याल. पण खाटीकखान्याची गाडी सकाळीच येऊन उभी राहिलीय, ड्रायव्हर घाई करतोय. मालक म्हणतो, ज्या अशक्त दिसतात त्या आत्ताच चढवा, बाकीच्यांचं चाचणीवर ठरवू. मी म्हटलं, थांब, मॅडमना विचारतो. चाचणीवर विसंबून थांबवू ना गाडी? हो की नाही, तेवढंच सांगा.”

आईने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही म्हणून.

“नाही म्हणतेय,” आई म्हणाली.

“म्हणजे गाडी नाही थांबवायची? चढवू?”

तिने पुन्हा मान हलवली, जोरात.

“तेही नाही म्हणतेय. तुम्ही नीट विचारा की, तुम्हीच घोळ घालताय.”

“आजी, मी दोनच गोष्टी विचारतोय. रक्त काढू की नको?”

तिने हात हलवला, मग मान, मग दोन्ही. आई डोळे बारीक करून पाहत होती. “हात नको म्हणतोय,” ती म्हणाली, “मान काय म्हणतेय ते कळत नाही.” फोनमध्ये कुणीतरी कुणाला ओरडलं, लोखंडी दार आपटलं, आणि एका डुकरिणीचा लांब, माणसासारखा सूर आला. पशुवैद्य दुसरीकडे तोंड करून म्हणाला, “थांब रे, मॅडम हो म्हणतायत बहुतेक, आण ती पहिली.”

ज्योत सरळ उभी होती. तेलाला अजून हातही लागला नव्हता.

“रक्त काढू नका,” ती म्हणाली. “गाडीतही चढवू नका. नळीची चूक नाही. चाचणीच चूक आहे. माझी अँटीबॉडी फुप्फुसातलं काही ओळखत नाही. लाल टोपीतून येईल तो निकालही धरू नका. मालकाला सांगा, मी लिहून देते. माझ्या नावाने सांगा.”

“मॅडम,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला पुढे विनोद सुचला नाही. “सरांना माहीत आहे?”

“आहे. आता तुम्हालाही आहे.”

“गाडी परत पाठवतो,” तो म्हणाला. “आजचा दिवस तरी. पुढचं मालक जाणे.” फोन बंद झाला आणि खोली एकदम मोठी झाली.

ती दिव्याकडे पाहत बसली. विझवावा की जळू द्यावा, याचा नियम तिने केलेला नव्हता. आईने फोन पदराला पुसून टेबलावर ठेवला, उपडा, जसा तो रोज असतो. मग खुर्चीच्या हातावर रेलून तिच्याकडे निरखून पाहू लागली, खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडे पाहावं तशी.

“सकाळचा घोगरा असतो की तुझा आवाज,” आई म्हणाली. “अगदी बापासारखा.”